राजीनामा की कपात? मंदीतील नोकरी, कायदा आणि घराचे गणित

१५ ऑक्टोबर २००८ रोजी मुंबईत जेट एअरवेजच्या शेकडो कर्मचाऱ्यांना यापुढे कामावर येऊ नये, असे कळविण्यात आले. लेहमन ब्रदर्स ही अमेरिकी वित्तसंस्था कोसळून तेव्हा जेमतेम महिना झाला होता. कपातीचा एकूण आकडा सुमारे १,९०० सांगितला जात होता. गणवेशातील तरुण-तरुणी विमानतळाबाहेर निदर्शने करीत असल्याची दृश्ये दिवसभर दूरचित्रवाणीवर दिसत राहिली. कर्मचाऱ्यांनी राज ठाकरे यांची भेट घेतली. या लोकांना परत घेतल्याखेरीज मुंबईतून जेटचे विमान उडू देणार नाही, असा इशारा त्यांनी दिला. दुसऱ्या दिवशी रात्री कंपनीचे अध्यक्ष नरेश गोयल यांनी निर्णय मागे घेतला.

नोकऱ्या वाचल्या त्या कायद्यामुळे नव्हे. काढलेल्यांपैकी बहुतेक जण प्रोबेशनवर किंवा कंत्राटावर होते आणि त्यांच्या बाजूने कायद्यात फारसे काही नव्हते. त्याच सुमारास ज्यांच्या दाराशी कॅमेरा गेला नाही, त्यांची संख्या कितीतरी मोठी होती. केंद्रीय श्रम मंत्रालयाच्या लेबर ब्युरोने खाणकाम, वस्त्रोद्योग, धातू, रत्ने व दागिने, वाहन उद्योग, वाहतूक, बांधकाम आणि माहिती तंत्रज्ञान या आठ क्षेत्रांची पाहणी केली. या क्षेत्रांतील रोजगार सप्टेंबर २००८ मधील १ कोटी ६२ लाखांवरून डिसेंबरअखेर १ कोटी ५७ लाखांवर आल्याचे तीत आढळले. तीन महिन्यांत पाच लाख माणसे घरी बसली.

मंदी येते आणि जाते. २००८ नंतर २०२० मध्ये टाळेबंदीची लाट आली. २०२२ पासून माहिती तंत्रज्ञान आणि स्टार्टअप कंपन्यांत कपातीचे सत्र सुरू झाले. जुलै २०२५ मध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांहून अधिक मनुष्यबळ कमी करण्याचे जाहीर केले आणि पुण्याच्या हिंजवडीपासून घरोघरी तोच विषय झाला. प्रत्येक लाटेत कारणे निराळी असतात. नोकरी जाण्याची पद्धत मात्र ठरावीक असते, आणि त्या पद्धतीत एका कागदावर कोणता शब्द लिहिला जातो याला अतोनात महत्त्व आहे.

शब्दांचा घोळ

वृत्तपत्रांत ‘ले-ऑफ’ हा शब्द आज ‘नोकरीवरून काढणे’ या अर्थाने रूढ झाला आहे. ही अमेरिकी इंग्रजीची देणगी होय. भारतीय कामगार कायद्यात ‘ले-ऑफ’चा अर्थ याहून पूर्णतः वेगळा आहे. कोळसा, वीज वा कच्चा माल नाही, तयार मालाचे ढीग साठले आहेत, यंत्र बिघडले आहे किंवा नैसर्गिक आपत्ती ओढवली आहे, अशा कारणाने मालक हजेरीपटावरील कामगाराला तात्पुरते काम देऊ शकत नाही, तेव्हा तो ‘ले-ऑफ’ ठरतो. नोकरी कायम असते, नाव मस्टरवर असते. किमान पन्नास कामगारांच्या, हंगामी नसलेल्या कारखान्यात एक वर्ष सलग सेवा झालेल्या कामगाराला या काळात मूळ वेतन व महागाई भत्त्याच्या निम्मी रक्कम भरपाई म्हणून मिळते. पिंपरी-चिंचवड, नाशिक वा छत्रपती संभाजीनगरच्या वाळूजमधील जुन्या कामगारांना हा अर्थ नेमका ठाऊक असतो. ‘या महिन्यात आठ दिवस ले-ऑफ आहे’ असे ते सांगतात, तेव्हा नोकरी गेली असे त्यांना म्हणायचे नसते.

कायमचे काढणे म्हणजे ‘रिट्रेंचमेंट’, अर्थात कामगार कपात. शिस्तभंगाची शिक्षा म्हणून केलेली बडतर्फी, स्वेच्छानिवृत्ती, वयोमानानुसार निवृत्ती आणि मुदतीच्या कराराचा शेवट हे प्रकार तीत येत नाहीत. कारखानाच बंद करणे हे ‘क्लोजर’. आणि वाद चालू असताना मालकाने दाराला कुलूप लावणे ही टाळेबंदी. २०२० च्या साथीत सरकारी ‘लॉकडाऊन’लाही टाळेबंदीच म्हटले गेले आणि आधीच गुंतागुंतीच्या या शब्दसंग्रहात आणखी एक गाठ पडली.

१९५३ ते २०२५

औद्योगिक विवाद अधिनियम १९४७ चा. त्यात मूळात कपातीच्या भरपाईची तरतूद नव्हती. ती १९५३ च्या दुरुस्तीने आली. एक महिन्याची लेखी व सकारण नोटीस, किंवा तिच्याऐवजी एक महिन्याचा पगार; सेवेच्या प्रत्येक पूर्ण वर्षामागे पंधरा दिवसांचे सरासरी वेतन; सरकारला सूचना; ‘शेवटी आला तो आधी जाईल’ हा क्रम; आणि पुन्हा भरती करायची झाल्यास काढलेल्यांना प्राधान्य, अशी ती चौकट होती. आणीबाणीच्या काळात, १९७६ मध्ये, तीनशे वा अधिक कामगारांच्या कारखान्यांना कपातीपूर्वी सरकारची परवानगी सक्तीची झाली. पुढे १९८२ च्या दुरुस्तीने ही मर्यादा शंभरवर आणली आणि १९८४ पासून ती अमलात आली. उद्योगजगत तेव्हापासून या तरतुदीच्या नावाने खडे फोडत होते. आजारी कारखाना बंद करता येत नाही म्हणून नवा काढायलाही कोणी धजावत नाही, असे मालकांचे म्हणणे होते. कामगार संघटनांचा अनुभव उलटा होता. परवानगी न मागताच वीजजोडणी तोडून, पगार थकवून कारखाने ‘आपोआप’ बंद पडताना त्यांनी पाहिले होते. गिरणगावाच्या इतिहासात दोन्ही बाजूंना पुरावे सापडतात.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून चार श्रमसंहिता लागू झाल्या आणि १९४७ च्या अधिनियमाची जागा औद्योगिक संबंध संहिता, २०२० ने घेतली. परवानगीची मर्यादा पुन्हा तीनशेवर गेली. अर्ज केल्यापासून साठ दिवसांत सरकारने उत्तर दिले नाही, तर परवानगी मिळाली असे मानले जाते. भरपाईचा पंधरा दिवसांचा दर कायम राहिला. पुनर्भरतीतील प्राधान्याला एक वर्षाची मर्यादा आली. नवी गोष्ट एकच आणि ती कामगाराच्या बाजूची आहे. कपात झालेल्या प्रत्येक कामगारामागे मालकाने पंधरा दिवसांचे वेतन पुनर्कौशल्य निधीत भरायचे आणि ते पंचेचाळीस दिवसांच्या आत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे. वेतन संहितेनुसार कपात, बडतर्फी वा राजीनामा काहीही असो, उरलेला पगार दोन कामकाजाच्या दिवसांत चुकता करावा लागतो. महिनोन्महिने ‘फुल अँड फायनल’साठी चकरा मारणाऱ्यांना या तरतुदीचे मोल अधिक सांगायला नको.

कामगार कोण?

हे सारे संरक्षण ‘कामगारा’साठी आहे आणि कचेरीत बसणारा मध्यमवर्ग स्वतःला कामगार समजत नाही. ही समजूत त्याला महाग पडते. कायद्याच्या व्याख्येत अंगमेहनतीबरोबरच तांत्रिक, कारकुनी आणि कुशल कामही येते. वगळले आहेत ते मुख्यत्वे व्यवस्थापकीय किंवा प्रशासकीय स्वरूपाचे काम करणारे, आणि देखरेखीचे काम करून दरमहा १८,००० रुपयांहून अधिक वेतन घेणारे. न्यायालये हुद्द्याच्या नावाकडे न पाहता प्रत्यक्ष काम पाहतात. ‘असिस्टंट मॅनेजर’ अशी पाटी मिरवणारा माणूस दिवसभर नोंदीच करीत असेल, कोणाची रजा मंजूर करण्याचा वा कोणाला कामावरून कमी करण्याचा अधिकार त्याला नसेल, तर तो कामगार ठरू शकतो. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्या अभियंत्याचे काम तांत्रिक आहे. त्याचा पगार मोठा आहे एवढ्याने तो व्याख्येबाहेर जात नाही. त्याच्या हाताखाली किती माणसे आहेत आणि त्यांच्याबाबत त्याला कोणते अधिकार आहेत, यावर वाद होतो.

तथापि सरकारी परवानगीची अट फक्त कारखाने, खाणी व मळ्यांना आहे. वीस हजार माणसांची सॉफ्टवेअर कंपनी त्या कक्षेत येत नाही. तिला नोटीस आणि भरपाई चुकत नाही, पण परवानगीसाठी कोणाच्या दारात जावे लागत नाही. हिंजवडी आणि चाकण या दोन शेजारी जगांतील कायदेशीर अंतर हे एवढे आहे.

सहीसाठी पुढे केलेला कागद

प्रत्यक्षात कपातीची नोटीस फार थोड्यांना मिळते. बहुतेकांना मिळते ती बोलावणी. एका छोट्या खोलीत मनुष्यबळ विभागाचा अधिकारी आणि वरिष्ठ बसलेले असतात. कंपनीची परिस्थिती सांगितली जाते, दोन महिन्यांच्या पगाराचा आकडा पुढे येतो आणि संगणकावर राजीनाम्याचा मजकूर तयार असतो. सही आजच हवी, नाहीतर ‘टर्मिनेशन’ होईल, अनुभवाच्या दाखल्यावर तसा शेरा येईल, पुढे नोकरी मिळणे अवघड जाईल, असे समजावले जाते. कधी त्याआधी काही महिने ‘पीआयपी’ म्हणून ओळखली जाणारी कामगिरी-सुधार योजना लावलेली असते, तर कधी प्रकल्प काढून घेऊन ‘बेंच’वर बसवलेले असते. दाखल्याच्या धाकाने सुशिक्षित माणूस सर्वांत लवकर मोडतो. कारखान्यातला फिटर निदान युनियनच्या माणसाला फोन करतो. अभियंता बायकोलाही करीत नाही.

त्या सहीची किंमत हिशेबाने पाहावी. समजा, एका कामगाराची सेवा बारा वर्षे सात महिने झाली आहे आणि हिशेबासाठीचा पगार महिना २६,००० रुपये आहे. सहा महिन्यांहून अधिकचा काळ पूर्ण वर्ष धरला जात असल्याने त्याची सेवा तेरा वर्षांची. ग्रॅच्युइटी काढताना महिन्याचे सव्वीस दिवस धरतात; म्हणजे रोजचे १,००० रुपये, पंधरा दिवसांचे १५,००० आणि तेरा वर्षांचे १,९५,०००. कपातीची भरपाई काढताना महिना तीस दिवसांचा धरला जातो. म्हणून पंधरा दिवसांचे १३,००० आणि तेरा वर्षांचे १,६९,०००. नोटिशीऐवजी एक महिन्याचा पगार २६,०००. एकूण ३,९०,०००. त्यानेच ‘वैयक्तिक कारणास्तव राजीनामा देत आहे’ असे लिहून दिले, तर त्याच्या हाती ग्रॅच्युइटीचे १,९५,००० तेवढे उरतात. बरोबर निम्मे. पुनर्कौशल्य निधीची रक्कमही मग मिळत नाही. कंपनीने देऊ केलेला दोन महिन्यांचा पगार उदार वाटतो, तो हा हिशेब मांडलेला नसल्यामुळे.

तोटा एवढ्यावर थांबत नाही. कर्मचारी राज्य विमा योजनेत असलेल्यांसाठी २००५ पासून राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. कारखाना बंद पडल्यास वा कपात झाल्यास तिच्यात बेकारी भत्ता मिळतो. पहिले बारा महिने सरासरी वेतनाच्या निम्मा आणि पुढील बारा महिने चतुर्थांश, शिवाय या काळात वैद्यकीय उपचारही. आपणहून नोकरी सोडणाऱ्याला ही योजना लागू नाही. पाच वर्षे पूर्ण होण्यापूर्वी भविष्य निर्वाह निधी काढल्यास त्यावर प्राप्तिकर लागतो, मात्र मालकाचा धंदा आक्रसल्यामुळे किंवा कर्मचाऱ्याच्या हाताबाहेरील कारणाने नोकरी संपली असल्यास सूट आहे. स्वखुशीचा राजीनामा हे हाताबाहेरचे कारण कसे, असा प्रश्न मग विचारला जातो. कामगाराला मिळालेल्या कपातीच्या भरपाईवर पाच लाख रुपयांपर्यंत करसवलत आहे. कंपनीने खुशीने दिलेल्या ‘एक्स-ग्रेशिया’ला त्याच न्यायाने ती मिळेलच असे नाही. कर्जाचे हप्ते भरून देणाऱ्या नोकरीविम्याच्या पॉलिसीतही राजीनामा हा बहुधा अपवादांच्या यादीत असतो. एकाच शब्दामुळे चार दरवाजे बंद होतात.

दडपणाखाली घेतलेला राजीनामा न्यायालयात टिकत नाही, हे खरे. पण दडपण होते हे सिद्ध करण्याची जबाबदारी सही करणाऱ्यावर असते आणि सहा महिन्यांनी सांगितलेल्या हकिकतीवर सहसा विश्वास बसत नाही. म्हणून त्याच दिवशी वा दुसऱ्या दिवशी स्वतःच्या ई-मेलवरून, कोणत्या खोलीत, किती वाजता, कोण उपस्थित असताना काय सांगितले गेले हे लिहून कंपनीला कळविणे महत्त्वाचे ठरते. राजीनामा अमलात येण्याची तारीख उलटण्यापूर्वी तो साधारणपणे मागेही घेता येतो. सही करणे अपरिहार्यच वाटले, तर ‘वैयक्तिक कारणास्तव’ या शब्दांऐवजी ‘कंपनीच्या सूचनेनुसार, मनुष्यबळ कपातीमुळे’ असे लिहिण्याचा आग्रह धरता येतो. कंपनी नकार देईल; तो नकारही लेखी आला तर उपयोगी पडतो. नियुक्तिपत्र, वेतनपावत्या, मूल्यमापनाचे अहवाल यांच्या प्रती घरी असाव्यात, कारण बोलावणी आली की संगणकाचा पासवर्ड त्याच मिनिटाला बंद होतो.

ज्यांची कपात होतच नाही

कारखान्यांच्या पट्ट्यात आणखी एक मोठा वर्ग आहे. सलग सेवेची कायदेशीर मोजणी बारा महिन्यांत २४० दिवसांची. म्हणून हंगामी कामगाराला सात महिने होताच ‘ब्रेक’ देण्याची रीत महाराष्ट्रातील औद्योगिक वसाहतींत कित्येक दशकांपासून चालत आली आहे. ब्रेक संपला की तोच मुलगा शेजारच्या कंपनीत, दुसऱ्या ठेकेदाराकडे नव्या गेटपासावर रुजू होतो. मंदीत एवढेच होते की ब्रेक संपत नाही. त्याला कोणी काढलेले नसते, त्यामुळे नोटीस नाही, भरपाई नाही आणि सरकारी आकडेवारीतही तो बहुधा दिसत नाही. लातूर, नांदेड, बीडकडची ही मुले खोली सोडून गावी जातात आणि शेतीच्या आकड्यांत मिसळून जातात. नव्या संहितेने मुदतीच्या करारावरील कर्मचाऱ्याला एका वर्षानंतर प्रमाणशीर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला आहे. मात्र करार एका वर्षाहून कमी मुदतीचा केला, की तोही उरत नाही.

हाती आलेला पैसा

एकदम हाती आलेली रक्कम मोठी दिसते. २०००-०१ मध्ये सार्वजनिक बँकांतील एक लाखाहून अधिक कर्मचाऱ्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली. ‘सोनेरी निरोप’ हा शब्द तेव्हा घरोघरी पोचला. व्याजावर घर चालेल, असा अनेकांचा हिशेब होता. परंतु सार्वजनिक भविष्य निर्वाह निधीवरील व्याजाचा दर जानेवारी २००० पर्यंत १२ टक्के होता, तो मार्च २००३ मध्ये ८ टक्क्यांवर आला. बाकीचे व्याजदरही त्याच दिशेने गेले. ज्यांनी सुरक्षित म्हणून युनिट ट्रस्टच्या यूएस-६४ मध्ये रक्कम ठेवली, त्यांच्यासाठी जुलै २००१ मध्ये खरेदी-विक्रीच थांबली. पन्नाशीत बँक सोडलेले लोक पुन्हा पतपेढ्यांत, शिकवणीवर्गांत आणि विम्याच्या एजन्सीत कामाला लागले.

गृहकर्ज असलेल्या घरात पहिला फोन बँकेला जायला हवा आणि तो हप्ता चुकण्यापूर्वी. नव्वद दिवस हप्ता थकला की कर्ज अनुत्पादक ठरते. त्यानंतर सरफेसी कायद्याखाली साठ दिवसांची नोटीस येते. त्याआधी मुदत वाढवून हप्ता कमी करून घेण्याची बोलणी बँक ऐकते. नोटीस निघाल्यावर तोच अधिकारी भेटत नाही. क्रेडिट कार्डावरील थकबाकी सर्वांत महाग, म्हणून ती आधी मिटवावी. गृहकर्ज त्या मानाने स्वस्त असते. कंपनीचा गट वैद्यकीय विमा नोकरीबरोबर संपतो. त्याच विमा कंपनीच्या वैयक्तिक पॉलिसीत जाण्याची मुभा असते, मात्र अर्ज मुदतीत करावा लागतो. घरात मधुमेही आई-वडील असतील तर ही एक गोष्ट बाकी सर्व हिशेबांहून मोठी ठरू शकते.

भविष्य निर्वाह निधी हा शेवटचा हंडा समजावा. निधीच्या विश्वस्त मंडळाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नोकरी गेल्यावर ७५ टक्के रक्कम लगेच आणि उरलेली १२ महिन्यांनंतर काढता यावी, असा निर्णय घेतला. पूर्वी दोन महिन्यांत सर्व रक्कम काढता येत असे. निर्णयावर टीका झाली. तथापि पेन्शन योजनेचे पैसे काढल्यास तेवढी सेवा पुसली जाते आणि दहा वर्षांच्या सेवेशिवाय मासिक निवृत्तिवेतन मिळत नाही, ही गोष्ट टीकेच्या गदारोळात मागे पडली. नऊ वर्षांवर नोकरी गेलेल्याने ते पैसे काढणे म्हणजे शिजत आलेल्या भाताखालचा जाळ काढून घेणे होय.

अमेरिकेतील एच-१बी व्हिसावरील मराठी अभियंत्यांच्या घरात हिशेब रुपया-डॉलरचा नसतो, दिवसांचा असतो. नोकरी संपल्यावर साठ दिवसांत नवा मालक, नवा व्हिसा किंवा परतीचे तिकीट. ही सवलतदेखील २०१७ पासूनची. २००८-०९ च्या मंदीत तीही नव्हती.

रिकामा दिवस

ऑस्ट्रियात व्हिएन्नाजवळील मारिएन्थाल या गावातील कापडगिरणी १९२९-३० मध्ये बंद पडली आणि जवळपास सारे गाव बेकार झाले. मारी याहोडा, पॉल लाझार्सफेल्ड आणि हान्स झाइझल यांनी तेथे केलेला अभ्यास १९३३ मध्ये प्रसिद्ध झाला. बेकारांना वेळच वेळ होता, तरी वाचनालयातून पुस्तके नेण्याचे प्रमाण घटले, पुस्तकांची वर्गणी माफ असूनही. संशोधकांनी रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांच्या चालण्याचा वेग मोजला, तर पुरुष स्त्रियांपेक्षा सावकाश चालत होते आणि वारंवार थांबत होते. सकाळपासून काय केले, हे पुरुषांना सांगता येत नव्हते. स्त्रियांचा दिवस मात्र स्वयंपाक, धुणे, मुले यांनी पूर्वीसारखाच भरलेला होता.

मुंबईच्या गिरणगावाला हे चित्र अनोळखी नाही. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही आणि गिरण्या एकामागून एक विझत गेल्या. चाळीच्या कठड्याला टेकून उभा असलेला, भोंग्याची वेळ झाली की अस्वस्थ होणारा बाप त्या पिढीतल्या मुलांनी पाहिला आहे. जयंत पवार यांच्या ‘अधांतर’ नाटकातले घर त्याच चाळीतले. त्या काळात घर तगले ते बहुतांशी बायकांच्या हातांवर. खानावळी चालविणाऱ्या स्त्रियांना संघटित करून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले होते आणि सावकाराऐवजी बँकेचे कर्ज त्यांना मिळवून दिले होते. पोळ्या लाटणे, डबे भरणे, घरकाम यांना तेव्हा ‘नोकरी’ म्हटले जात नव्हते. पण महिन्याचे रेशन त्यातूनच येत होते.

आजच्या फ्लॅटमध्ये कठडा नाही, म्हणून अवघडलेपण दिसत नाही. नोकरी गेल्यावर कित्येक दिवस रोजच्या वेळी डबा घेऊन बाहेर पडणारी आणि बागेत, मॉलमध्ये दिवस काढून संध्याकाळी परतणारी माणसे प्रत्येक मंदीत आढळतात. घरच्यांना न सांगण्यामागे त्यांना त्रास होऊ नये हा हेतू असतो. पण त्यामुळे खर्चाला कात्री लागण्याचे पहिले दोन महिने, जे सर्वांत मोलाचे असतात, तेच वाया जातात. शाळेला फी हप्त्याने भरण्याची विनंती करणे, दुसरी गाडी विकणे, मोठ्या शहरातले भाड्याचे घर सोडणे हे निर्णय एकट्याने होत नाहीत. मुलांना तर आई-वडिलांनी तोंड उघडण्याआधीच कळलेले असते.

कंपनीच बुडाली तर

जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ रोजी उडाले. २००८ मध्ये परत घेतले गेलेले जे कोणी तोवर तेथे टिकले होते, त्यांचेही पगार तेव्हा थकलेले होते. कंपनी दिवाळखोरी संहितेच्या प्रक्रियेत गेली आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून देणी भागविण्याचा, आदेश दिला. अशा वेळी ‘कामगार’ या शब्दाचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. कामगारांची आधीच्या २४ महिन्यांची थकबाकी तारण असलेल्या बँकांच्या बरोबरीने फेडली जाते. कामगार नसलेल्या कर्मचाऱ्यांना त्यानंतरच्या रांगेत उभे राहावे लागते आणि तेही १२ महिन्यांच्या थकबाकीपुरते. भविष्य निर्वाह निधी, पेन्शन व ग्रॅच्युइटी यांचे निधी मात्र विक्रीच्या मालमत्तेत धरले जात नाहीत. कंपनीने ते प्रत्यक्षात भरले आहेत की नाहीत, हे कंपनी चालू असतानाच पासबुकात पाहून ठेवावे लागते. पगारातून कापलेली रक्कम तीन महिने पासबुकात दिसत नसेल, तर मंदीची ती पहिली नोटीस होय.

दाद मागण्याचा मार्ग सहायक कामगार आयुक्तांच्या कार्यालयातून सुरू होतो. काढलेल्या कामगाराला एकट्यानेही तेथे अर्ज करता येतो. युनियन असलीच पाहिजे असे नाही. समेट अधिकारी दोन्ही पक्षांना बोलावतो. तोडगा निघाला नाही तर प्रकरण न्यायाधिकरणापुढे नेता येते. नव्या संहितेनुसार वाद उद्भवल्यापासून दोन वर्षे उलटल्यावर समेटाची कार्यवाही होऊ शकत नाही. पूर्वी नोकरीवरून काढल्यापासून तीन वर्षांपर्यंत थेट न्यायालयात जाता येत असे. नवी नोकरी शोधत, मुलाखती देत ही मुदत भराभर सरते. अर्जासोबत नियुक्तिपत्र, शेवटच्या वेतनपावत्या आणि ज्या दिवशी सही मागितली गेली त्या दिवसाचा तो ई-मेल जोडायचा असतो.